सावजाची संधी आणि शिकाऱ्याचे ऋण

सावजाला संधी दिली पाहिजे असे शिकारी लोक म्हणतात. आणि ती संधी होता होईल तो कमी करणारी साधनेही तेच लोक हौसेने विकत घेतात. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न वाटतो तितका परकीय नाही. नागपुराहून दक्षिणेस निघालेला रस्ता बुटीबोरीस फुटतो. एक फाटा हैदराबादेकडे व दुसरा वर्ध्याकडे जातो. गावाला लागून कारखान्यांची अफाट वसाहत आहे, सभोवती कापूस, तूर व सोयाबीनची शेते आहेत, आणि पश्चिमेकडे बोरचे अरण्य फारसे दूर नाही. ह्या मुलखात रानडुकरे व रोही रात्री पिकांत उतरतात. क्वचित त्यांच्या मागाने वाघही येतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ साली झालेली त्याची दुरुस्ती ह्यांनी आपल्याकडील हौशी शिकार बंद झाली. परंतु जनावर मारावे की नाही, मारावे तर कोणत्या साधनाने, हा प्रश्न कायद्याने मिटलेला नाही. तो हौशी लोकांच्या हातून निघून शेतकऱ्याच्या बांधावर आला, एवढेच.

प्रथम हौशी लोकांचे शास्त्र पाहू. अमेरिकेत १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट ह्यांच्या पुढाकाराने बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था निघाली. न्याय्य पाठलागाची जी कल्पना तिने पुरस्कारिली, तिचा मथितार्थ असा की, शिकाऱ्याने जनावरावर अवाजवी वर्चस्व गाजवू नये. तेथील पश्चिमेकडच्या पहाडांत एल्क नावाचे, आपल्या सांबराहूनही मोठे हरीण मारावयास जाणारा जाणता मनुष्य बंदुकीच्या आधी दुर्बिणीची निवड करतो. पहाटेपूर्वी उंचवट्यावर बसून समोरचा उतार तो तुकड्यातुकड्याने न्याहाळतो. पहाटेचा गार वारा दरीत उतरतो व ऊन तापल्यावर तोच वर चढू लागतो. म्हणून सकाळी उशिरा सावजाकडे जाणे झाल्यास वरून जावे लागते, नाहीतर माणसाचा वास आधी पोहोचतो. बंदुकीस भक्कम टेका मिळाला नाही तर बार काढावयाचा नाही, आणि मिळाला तर गोळी पुढच्या खांद्यामागे, फुप्फुसांत बसली पाहिजे. पुढे मांस थंड करणे व पाठीवरून वाहून आणणे हे काम शिकारीहून जड. म्हणून चांगला बूट व चांगली पिशवी ह्यांची चर्चा हे लोक बंदुकीइतक्याच गांभीर्याने करतात.

ह्या उपदेशाची दोन अंगे आहेत. बार काढीपर्यंत जनावराला वास घेण्याची, ऐकण्याची, निसटण्याची मोकळीक. बार काढल्यावर मात्र त्याला काहीही संधी नाही, मरण निश्चित व त्वरित. म्हणजे विसंगती दिसते तितकी खरी नाही. साधनाची अचूकता ही दुसऱ्या अंगातली दया आहे. तीच पहिल्या अंगात शिरली की अन्याय होतो. अलीकडे अंतर मोजणारी यंत्रे व भारी दुर्बिणी लावून हजार हजार यार्डांवरून नेम धरण्याची जी टूम निघाली आहे, ती आम्हांस ह्याच कारणाने निंद्य वाटते. तेथे जनावराला चाहूल लागत नाही. शिवाय गोळी पोहोचावयास सेकंदाहून अधिक काळ लागतो, तेवढ्यात त्याने एक पाऊल टाकले तरी ती पोटात बसते. संधीही गेली आणि निश्चितीही गेली.

आपल्याकडे, जुन्या मध्यप्रांतात, फोर्साइथने १८७१ मध्ये व डनबर ब्रँडरने १९२३ मध्ये ह्या अरण्यांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिले. फोर्साइथने तर त्याआधी रायफल व तिच्या गोळ्या ह्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. त्या काळच्या शिकारीत रेडकू बांधून मचाणावर बसत, किंवा हाका करून वाघ मचाणापुढे काढीत. ह्यात वाघाला संधी कितपत होती, हे सांगणे नकोच. आणि जमिनीवरून पायी चालणाऱ्या हाकेकऱ्यांना तर ती साहेबाहून पुष्कळच कमी होती. पण एक दंडक त्या लोकांत होता, तो संधीच्या गप्पांहून आम्हांस मोलाचा वाटतो: घायाळ वाघ रानात गेला तर ज्याच्या गोळीने तो घायाळ झाला, त्यानेच त्याचा माग काढून तो संपविला पाहिजे. जिवावर बेतले तरी हे ऋण टाळता येत नसे. ते वाघाचे होते, तसेच दुसऱ्या दिवशी सरपणाला जाणाऱ्या बाईचेही होते.

आता बांधावर येऊ. २०१७ साली ब्रह्मपुरीच्या रानात माणसांवर हल्ले करणारी एक वाघीण पकडून, गळ्यात रेडिओ पट्टा बांधून, बोरच्या अरण्यात सोडण्यात आली. तेथेही हल्ले झाले. तिला मारावे असा सरकारी हुकूम निघाला. नागपूरच्या उच्च न्यायालयात त्यावर वाद झाला. पथके तिच्या मागावर होती. त्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात ती मेली, पण बंदुकीने नव्हे. डुकरांसाठी शेताभोवती लावलेल्या विजेच्या जिवंत तारेने ती मेली. जिला मारावे की नाही ह्यावर न्यायाधीशांना विचार करावा लागला, तिचा निकाल विचार न करणाऱ्या एका तारेने लावला!

ही तार म्हणजे शिकाऱ्यावाचून शिकार होय. ती कोण आले हे पाहत नाही. डुक्कर, गाय, वाघ, रात्री पाणी द्यावयास निघालेला शेजारी, सारे तिला सारखे. तिने सावज मारले तेव्हा मारणारा घरी झोपलेला असतो. म्हणून माग काढण्याचे ऋणही कोणाच्या डोक्यावर बसत नाही. हजार यार्डांवरच्या हौशी मनुष्याचा जो दोष, तोच येथे पराकोटीस गेलेला आहे.

पण दोष सारखा म्हणून दोषीही सारखा, असे आम्ही म्हणणार नाही. हौशी मनुष्य हौसेने दूर गेला. शेतकरी थकून दूर गेला. महिनोगणती रात्री जागलीला जाणारा, पहाटे येऊन पुन्हा औत धरणारा मनुष्य एके दिवशी तारेकडे वळतो, त्याला न्याय्य पाठलाग शिकविणे ही क्रूर थट्टा आहे. खेळाचे नियम त्यालाच लागू, ज्याला खेळ सोडून घरी जाता येते. पिकाचा विध्वंस करणारे डुक्कर परवानगीने मारण्याची वाट कायद्यात आहे. पण अर्ज, चौकशी व नेमबाज येईतो तूर राहत नाही. सौर ऊर्जेवर चालणारे झटका मशीन आहे. त्याचा धक्का क्षणिक असतो, जनावर दचकते व परतते. ते लावावे तर पैसा हवा, तारांखालचे गवत वरचेवर काढावयास हवे. उलट घरच्या वीजजोडणीतून आकडा टाकून तार ओढणे एका संध्याकाळचे काम. ती ज्याने ओढली त्याला कायदा पकडतो, आणि ते योग्यच आहे. मात्र ज्यांनी वाघ आपला म्हणून मिरविला व ज्यांनी त्याची छायाचित्रे काढली, त्यांच्यापैकी जागलीला कोणी आले होते काय, हे त्याने विचारले तर उत्तर कोणी द्यावयाचे?