यशाचीही पाच कारणं

एखादं काम घडतं तेव्हा ते नेमकं कोणी केलेलं असतं? गीतेच्या अठराव्या अध्यायात त्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. म्हणजे करणारा माणूस हा पाचांतला एक. आजोबांच्या तोंडून हे लहानपणीच ऐकलं होतं. उमगलं मात्र बाणेरच्या ऑफिसात, एका बैठकीत.

आमची कंपनी छोट्या दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवते. कंपनी झपाट्याने वाढते आहे. एकदा महिन्याच्या एक तारखेला, ऐन गर्दीच्या वेळी, टीममधल्या नव्या मुलीने बिलांच्या टेबलवर इंडेक्स टाकला. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये इंडेक्स साध्या कमांडने बांधायला घेतला, की तो पुरा होईपर्यंत त्या टेबलात नवं काही लिहिता येत नाही. लिहिणं चालू ठेवायचं तर कमांडमध्ये ‘कन्करन्टली’ घालावं लागतं. स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या प्रतीवर, काही हजारच ओळी होत्या, तिथे काम क्षणात झालं. प्रॉडक्शनवर, म्हणजे दुकानदार वापरतात तिथे, कोट्यवधी होत्या. दुकानादुकानांत बिलं अडकली.

आमच्याकडे अशा वेळी ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतात. एत्सी कंपनीतल्या जॉन ऑल्सपॉ यांनी 2012 साली या पद्धतीवर लिहिलं, आणि गूगलच्या इंजिनिअरांनी 2016 च्या आपल्या पुस्तकात पोस्टमॉर्टेमला वेगळं प्रकरण दिलं. दोषी शोधायचा नाही. त्या क्षणी त्या माणसाला ते योग्य का वाटलं, हे शोधायचं. मुलगी रडवेली होऊन सगळं स्वतःवर घेत होती. आम्ही फळ्यावर लिहीत गेलो. कोणाला कळायच्या आत फुगलेलं टेबल. ती स्वतः. धोक्याची कमांड मुकाट्याने चालवणारं डिप्लॉयचं टूल. घाईत उरकलेला रिव्ह्यू. आणि एक तारीख. मी फळ्याकडे पाहत राहिले. अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा, दैव: पाचही तिथे होती.

मग जबाबदार कोणीच नाही का? या विचारावरचा हा खरा आक्षेप आहे, आणि तो टाळून चालणार नाही. कारणं पाच म्हटली की माणूस निसटतो, अशी भीती वाटते. पण गीतेने कर्त्याला यादीतून वगळलेलं नाही. ‘मी एकटाच कर्ता’ हा समज तेवढा खोडून काढला आहे. तिला दम दिला असता तर फार तर ती एकटी सावध झाली असती. कारणं पाच दिसली म्हणून दुरुस्तीच्या जागाही पाच सापडल्या. मोठ्या टेबलवर ती कमांड आता टूलच नाकारतं, आणि ती तपासणी लिहिली त्याच मुलीने. दोषाचं ओझं उतरल्यावरच तिला जबाबदारी घेता आली.

माझी तळमळ आहे ती पुढच्या गोष्टीची. अप्रेझलचे दिवस आले की हीच माणसं फॉर्म भरतात: सिस्टिम मी वेगवान केली, तो ग्राहक मी टिकवला. तिथे टूल नसतं, रात्री ऑन-कॉल जागलेला सहकारी नसतो, आपल्या कंपनीला अनुकूल पडलेला काळही नसतो. गीता मात्र लगेच पुढच्या श्लोकात बजावते, की कर्म योग्य असो वा अयोग्य, कारणं हीच पाच. अपयश पाचांत वाटून घ्यायचं आणि यश एकट्याच्या नावावर लावायचं, ही सवलत तिने ठेवलेली नाही.

यशाचं श्रेय कसं वाटावं, हे गीतेवरच्याच ज्ञानेश्वरीत दिसतं. ती शके 1212 मध्ये पूर्ण झाली. तिचं श्रेय ज्ञानेश्वर गुरू निवृत्तिनाथांना देतात, आणि ग्रंथाच्या शेवटी लेखनिक सच्चिदानंदबाबांचंही नाव आहे. सांगणारा मोठा होताच. पण लिहून घेणाऱ्याचा हात तिथे गाळलेला नाही.

पगारवाढ आणि शेअर माणसांनाच द्यायचे असतात, त्यासाठी नाव लागतं, हे मला मान्य आहे. कर्ता पाचांत एक आहेच. त्याचा वाटा त्याला मिळायलाच हवा. उरलेले चार वाटेही त्याच्याच पदरात पडतात, तेव्हा टूल सांभाळणारे आणि रिव्ह्यू करणारे हळूहळू मन काढून घेतात, आणि पुढच्या बिघाडाची तयारी तिथेच सुरू होते. म्हणून मी टीममध्ये आग्रह धरला आहे: रिलीज उत्तम पार पडला तरी तशीच बैठक घ्यायची, तीच पाच कारणं लिहायची. बिघाडाच्या दिवशी आपण एकमेकांना दाखवतो ती उदारता खरी, की नुसती सोयीची, याची परीक्षा यशाच्या दिवशीच होते.