पिक्चर कसा होता?

सिनेमा सुटला की थिएटरसमोरच्या चहाच्या टपरीवर गर्दी होते. हातात कटिंग येण्याआधीच प्रश्न येतो, ‘कसा वाटला?’ मग कोणी म्हणतो पैसे वसूल, कोणी म्हणतो इंटरव्हलनंतर झोप आली, कोणी गाण्यांची बाजू घेतो. ज्याने अजून पाहिलेला नाही तो ‘शेवट सांगू नका’ म्हणून ओरडतो. आता टपरीची जागा बरीचशी मोबाईलने घेतली आहे, पण प्रश्न तोच आहे आणि उत्तर देण्याची घाईही तीच आहे.

मी हा शौक आयुष्यभर केला. सिनेमा पाहणे जायज की नाजायज, या वादात मला येथे शिरायचे नाही. जे पाहतात त्यांच्यापैकी मी एक आहे, एवढेच. मला बोलायचे आहे ते पाहून झाल्यानंतर आपण जे बोलतो त्याविषयी. पाहिलेल्या सिनेमाबद्दल मत देणे ही चहाबरोबर तोंडी लावण्याची गोष्ट आहे, की त्यातही खऱ्या-खोट्याचा काही प्रश्न आहे? हा प्रश्न मला माझ्या मुलीने घातला, तेव्हा ती बारा वर्षांची होती.

1999 सालची गोष्ट. ‘सरफरोश’ एप्रिलच्या अखेरीस प्रदर्शित झाला आणि लगेच कारगिलची लढाई सुरू झाली. आमच्या गावात तो पोचेपर्यंत शाळा उघडल्या होत्या. जॉन मॅथ्यू मथान यांच्या या चित्रपटात दोन मुसलमान ठळकपणे समोर येतात. एक इन्स्पेक्टर सलीम. कर्तबगार पोलीस, पण आपल्यावर पुरता विश्वास टाकला जात नाही ही खंत उराशी बाळगणारा. दुसरा गुलफाम हसन. फाळणीत हा मुलूख सोडावा लागलेला पाकिस्तानी गझलगायक. मैफिलींच्या आडून तो हिंदुस्थानात शस्त्रे पोचवतो. सलीमने आपले दुःख वरिष्ठापुढे मांडले तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते. गुलफाम पडद्यावर आला तेव्हा मागच्या रांगेतून शिव्या आल्या. त्या एकट्या गुलफामसाठी नव्हत्या. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत विषय निघाला. त्या खोलीत मी एकटाच मुसलमान. एका सहकाऱ्याने विचारले, “काय सर, कसा वाटला सरफरोश?” मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “फारच छान. प्रत्येकाने पाहायला हवा.” त्याच शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर आमच्या घराच्या ओट्यावर मोहल्ल्यातली दोन-चार मंडळी बसली होती. तिथेही तोच विषय. कोणी तरी म्हणाले, “भाई, तुम तो देख के आए. अपने को बदनाम किया है ना?” मी तितक्याच तत्परतेने म्हणालो, “सरासर बदनाम किया है. देखने के लायक ही नहीं.”

रात्री जेवताना मुलगी म्हणाली, “अब्बा, मी वह्या द्यायला आले होते तेव्हा शाळेत तुम्ही पिक्चर छान होता म्हणालात. आणि ओट्यावर म्हणालात पाहण्यासारखा नाही. मग खरं कुठलं?”

मी तिला काहीतरी सांगून गप्प केले. ते काय होते, ते आता आठवतही नाही. तिचा प्रश्न मात्र आठवतो.

यावर सोपे उत्तर असे की मताला खरे-खोटे नसते. एकाला आवडते ते दुसऱ्याला आवडत नाही. हे मान्य. पण माझ्या मुलीचा प्रश्न चित्रपट चांगला की वाईट हा नव्हता. मला काय वाटले, हा होता. आणि त्याला खरे उत्तर होते. ते मी कुठेच दिले नव्हते. शाळेत मी टाळ्यांबद्दल बोललो, शिव्या गिळल्या. ओट्यावर शिव्यांबद्दल बोललो, टाळ्या गिळल्या. प्रत्येक ठिकाणी अर्धे बोललो. ज्या ठिकाणी जे हवे होते तेवढेच अर्धे.

मत आणि साक्ष यांत आपण फरक करतो. साक्ष कोर्टात द्यायची, मत कुठेही. पण शब्द काय सांगतो पाहा. साक्ष म्हणजे स-अक्ष, डोळ्यांसकट. ज्याने डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. अरबीतल्या शहादत या शब्दाच्या मुळाशीही हजर असणे, पाहणे हाच अर्थ आहे. दोन वेगळ्या कुळांतल्या भाषा, पण बोलण्याची अट एकच घालतात: तू तिथे होतास का? तू पाहिलेस का? सिनेमाचा प्रेक्षक तर अंधारात दोन-तीन तास फक्त हजर राहण्यासाठी आणि पाहण्यासाठीच पैसे मोजतो. बाहेर आल्यावर तो जे बोलतो ती एक छोटी गवाहीच असते. मी येथे होतो, मी हे पाहिले, माझ्यावर असा परिणाम झाला.

ही गवाही दोन तऱ्हांनी बिघडते. एक, न पाहता दिली तर. दोन, पाहूनही दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिली तर.

पहिल्या तऱ्हेचे मोठे उदाहरण आपल्याच घरातले आहे. मुस्तफा अक्काद या सीरियात जन्मलेल्या दिग्दर्शकाने इस्लामच्या आरंभकाळावर ‘द मेसेज’ हा चित्रपट काढला. इंग्रजी आणि अरबी अशा दोन आवृत्त्या त्याने वेगवेगळे नट घेऊन चित्रित केल्या. इंग्रजीत हजरत हमजांची भूमिका अँथनी क्विनने केली. अफवा मात्र अशी पसरली की क्विन पैगंबरांची भूमिका करतो आहे. प्रत्यक्षात साऱ्या चित्रपटात पैगंबर कोठेही दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. समोरची पात्रे कॅमेऱ्याकडे पाहून बोलतात, एवढेच. पण चित्रपट पाहण्याइतका धीर कोणाला होता? मार्च 1977 मध्ये वॉशिंग्टनला एका गटाने तीन इमारतींत सुमारे दीडशे माणसे ओलीस धरली. त्यांचे मुख्य दुखणे कौटुंबिक हत्याकांडाचे आणि सूडाचे होते, पण मागण्यांमध्ये हा चित्रपट थांबवा ही एक होती. एक तरुण वार्ताहर मारला गेला. शेवटी तीन मुस्लिम देशांच्या राजदूतांनी त्यांच्यासमोर बसून कुरआनातल्या आयती वाचल्या, समजावले, तेव्हा ओलीस सुटले. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली तर आधी खात्री करून घेण्याची ताकीद आहे. एका चित्रपटाबाबत ही ताकीद पाळायला किती कष्ट होते? एक तिकीट आणि तीन तास. आज तोच चित्रपट मुस्लिम घरांत मुलाबाळांना घेऊन आदराने पाहिला जातो.

हा दोष फक्त आपलाच, असे मात्र कोणी समजू नये. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ 1973 साली तयार झाला. फाळणीनंतर आग्र्यात राहिलेल्या सलीम मिर्झा या जोड्यांच्या व्यापाऱ्याची ही कथा. मूळ कथा इस्मत चुगताईंची. चित्रपट पाहून लोक भडकतील, दंगे होतील, या भीतीने सेन्सॉरने तो अडवून ठेवला. लोकांनी काहीच पाहिले नव्हते. लोकांना काय वाटेल, हे लोकांच्या वतीने आधीच ठरवले गेले होते. पुढे याच चित्रपटाला राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सलीम मिर्झा साकारणारे बलराज साहनी मात्र एप्रिल 1973 मध्येच गेले. प्रेक्षकांनी त्यांना काय मनापासून दाद दिली, ती त्यांच्या कानांवर पडली नाही.

एका तिकिटवाल्याच्या मताला असे काय वजन, असे कोणी विचारेल. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ 1959 साली आला तेव्हा प्रेक्षकांनी तो नाकारला. त्यानंतर गुरुदत्तने एकाही चित्रपटावर दिग्दर्शक म्हणून आपले नाव घातले नाही, आणि 1964 मध्ये तो गेला. आज त्याच चित्रपटाला लोक अभिजात म्हणतात. तेव्हाच्या प्रेक्षकांनी गुन्हा केला असे मी म्हणणार नाही. त्यांना आवडला नाही, तसे ते म्हणाले. ती सच्ची गवाही होती आणि सच्ची गवाही चुकूही शकते. माणूस पुन्हा पाहतो, मत बदलतो. पण जे मत कधी मनात नव्हतेच, ते बदलणार कसे? ढोंगी मताला दुरुस्ती नसते.

आता दुसऱ्या तऱ्हेकडे, म्हणजे माझ्याकडे येतो.

माझ्या बाजूने बोलायचे तर बरेच आहे. त्या खोलीत मला ‘सिनेमा कसा वाटला’ एवढेच विचारले गेले नव्हते. इतरांना जो प्रश्न सिनेमाबद्दल होता, तो मला माझ्याबद्दल होता. निदान मला तसे वाटले. नापसंती दाखवली तर ‘यांना झोंबले’ असा अर्थ निघेल. पसंती दाखवली तर सुटलो. इतरांनी प्रेक्षक म्हणून बोलावे आणि मी जमातीचा वकील म्हणून, हे ओझे आपल्यापैकी कोणी वाहिले नाही? ओट्यावरही वेगळे काय होते? तिथे मी मोहल्ल्याचा वकील होतो, एवढेच.

आणि तक्रारही पोकळ नाही. हिंदी पडद्याने आपल्याला आधी नवाब, शायर आणि तवायफ केले, नंतर स्मगलर आणि दहशतवादी. दोन्हीकडून सुटला तो इचलकरंजीचा मागवाला, कोकणातला दालदी, एस.टी.चा कंडक्टर, झेडपीचा मास्तर. आपण पडद्यावर कुठे आहोत, हा प्रश्न रास्त आहे. मालेगावच्या पोरांनी त्याला आपल्या परीने उत्तर दिले. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी गावातल्या यंत्रमाग कामगारांना घेऊन ‘मालेगाव के शोले’ काढला. पुढे त्यांच्या सुपरमॅनच्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि 2025 साली तर त्यांच्या धडपडीवर मोठा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. ‘शोले’ कसा वाटला, याचे त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडते. आवडला, आणि त्यात आम्ही नव्हतो. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी सांगितल्या.

मला नेमके तेवढेच जमले नव्हते. गप्प राहिलो असतो तरी चालले असते. मौन म्हणजे खोटी गवाही नव्हे. जिथे बोलणे धोक्याचे आहे तिथे गप्प बसण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मी गप्प बसलो नाही. मी मागणीप्रमाणे बोललो. त्यात माझे काय नुकसान झाले हे मला फार उशिरा कळले.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तोच सहकारी ईदला घरी आला होता. शिरखुर्मा खाता खाता टीव्हीवर ‘सरफरोश’ लागलेला दिसला. मी म्हणालो, “सर, इतक्या वर्षांनी सांगतो. हा सिनेमा मला आवडला होता, पण त्या दिवशी थिएटरात मी मान खाली घालून बसलो होतो.” मागच्या रांगेतल्या शिव्या मी त्यांना सांगितल्या. ते चमचा ठेवून म्हणाले, “मीही त्याच शोला होतो हो. मला त्या शिव्या ऐकू आल्या होत्या. रात्रभर बेचैन होतो. म्हणून तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम तुम्हाला विचारलं. तुम्ही छान म्हणालात. मला वाटलं, तुमच्यापर्यंत ते आलंच नसेल, उगाच कशाला काढा? मग मीही बोललो नाही.”

एवढी वर्षे आम्ही एकाच खोलीत चहा प्यायलो. तो माणूस माझी परीक्षा घेतो आहे असे मी धरून चाललो, आणि तो दार उघडून उभा होता. माझ्या एका चतुर वाक्याने ते दार बाहेरून लागले. प्रत्येक प्रश्नकर्ता असा निघेल असे नाही. काही जण परीक्षाच घेत असतात. पण खोटी गवाही दोघांना वेगळे ओळखूच देत नाही. ती सर्वांना सारखेच दाराबाहेर ठेवते. ओट्यावरही तेच झाले असेल. सलीमसाठी ज्याचे डोळे भरले असा तिथे दुसरा कोणी बसलेला असेल, तर माझे बोलणे ऐकून त्यानेही तोंड मिटले असेल.

मुलगी आता चाळिशीकडे झुकली आहे. तिला स्वतःची मुलगी आहे. मागच्या सुट्टीत नात मोबाईलवर कुठलासा नवा चित्रपट पाहून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “नाना, लोक म्हणतात हा पिक्चर एकदम बकवास आहे. तुम्हाला काय वाटतं?”

मी म्हणालो, “बेटा, मी तो पाहिलेला नाही. तुला कसा वाटला ते सांग. शाळेत सांगशील तेच सांग.”

आतून माझी मुलगी हसल्याचा आवाज आला.