टपाल वाटता वाटता

अमेरिकन गायक-गीतकार जॉन प्राइनचा पहिला अल्बम लगेच लावायचा नाही. आधी थोडं बसू. पाठ टेकलेली, हात मोकळे. श्वास चाललाय तसा चालू दे, त्याच्यामागे लागू नका.

शिकागोच्या पश्चिमेला मेवूड नावाचं उपनगर आहे. १९६०चं दशक संपत आलंय. तिथला विशीतला एक मुलगा टपालाची पिशवी खांद्याला लावून फेरीला निघतो. रस्ते ठरलेले, दारं ठरलेली. फेरी अंगवळणी पडली की पाय आपसूक वळतात आणि डोकं मोकळं राहतं. टपालाची फेरी म्हणजे पुस्तकं नसलेलं वाचनालय, अशा अर्थाचं प्राइन पुढे सांगायचा. त्या मोकळ्या डोक्यात तो गाणी रचत होता. ती त्याच्याकडे कुणी मागितली नव्हती.

आता तुमच्या रोजच्या वाटेवरचं एक दार आठवा. आत कोण राहतं हे नीटसं ठाऊक नसलेलं. रंग, कडी, बाहेरच्या चपला, जे आठवेल ते. आतल्या माणसाची गोष्ट मात्र रचायला घेऊ नका. दारापाशीच थांबा थोडा वेळ.

त्याहूनही लहान असताना हा मुलगा मित्राबरोबर एका वृद्धाश्रमात वर्तमानपत्रं टाकायला जायचा. तिथली काही म्हातारी माणसं, आपला नातू किंवा भाचाच भेटायला आलाय, असं दाखवायची. ते पोराच्या डोक्यात राहिलं. पुढे त्यातून ‘हॅलो इन देअर’ आलं: एक म्हातारं जोडपं, पांगलेली मुलं, त्यातला एक कोरियाच्या युद्धात गेलेला. १९७१ साली अल्बम निघाला तेव्हा प्राइननं पंचविशीही नीट ओलांडली नव्हती. या वयात इतकं म्हातारपण कुठून आलं, असं लोक कौतुकानं विचारतात. मला त्यात चमत्कार दिसत नाही. कुणाचा तरी खोटा नातू होऊन दोन मिनिटं उभं राहायला तो कंटाळला नव्हता, एवढंच.

तुम्ही असं कुणापुढे उभे राहिला होतात का? किंवा घाईत निघून गेला होतात? दोन्हीपैकी जे आठवेल ते येऊ द्या. उत्तर द्यायचं नाहीये.

आता ‘हॅलो इन देअर’ लावा. शब्द पहिल्यांदा नाही समजले तरी चालतील, आवाज ऐका. जरासा अवघडलेला आहे. शिकागोच्या एका बारमध्ये गायक क्रिस क्रिस्टोफरसननं त्याला रात्री उशिरा ऐकलं आणि तिथून चक्रं भराभर फिरली. एकटा गिटार घेऊन गाणारा हा पोरगा अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीसाठी मेम्फिसच्या अमेरिकन साउंड स्टुडिओत जाऊन बसला, तोही एल्विसला साथ केलेल्या वादकांच्या मधोमध. निर्माता आरिफ मार्डिन. आपण भेदरलो होतो, हे प्राइननं नंतर मोकळेपणानं सांगितलं. ते भेदरणं ऐकू येतं आणि मला ते हवंसं वाटतं. पुढच्या अल्बममध्ये ते पुन्हा कुठून मिळणार? (मुखपृष्ठावर तो गवताच्या गठ्ठ्यांवर बसलाय. त्याआधी असल्या गठ्ठ्यावर तो कधी बसलाच नव्हता. कंट्री गायक म्हटला की गवत हवंच, असा कुणाचा तरी हिशेब.)

मग ‘पॅराडाइज’. हे मात्र सावकाश. पॅराडाइज हे केंटकीच्या म्यूलनबर्ग परगण्यातलं, ग्रीन नदीकाठचं गाव होतं. प्राइनचे आईवडील त्या भागातले, आणि पोटासाठी शिकागोकडे आलेले. गाण्यात दोष पीबडी या कोळसा कंपनीच्या माथी आहे. जमिनीचा वरचा थर खरवडून काढणाऱ्या खाणींनी तो मुलूख उलथापालथा झाला होता. गावाचा शेवट झाला तो शेजारच्या वीजकेंद्राच्या राखेनं. १९६७मध्ये उरलीसुरली घरंही पाडली. गाणं इतका तपशील देत बसत नाही, आणि ते बरंच आहे.

ध्वनिमुद्रण घेऊन प्राइन घरी आला. टेपयंत्र उसनं आणलं. गाणं सुरू झालं तसे वडील उठून शेजारच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसले. का, असं विचारल्यावर म्हणाले, ज्यूकबॉक्सवर लागलंय असं समजून ऐकायचं होतं. अल्बम बाजारात यायच्या आधीच ते गेले.

त्या शेजारच्या खोलीत तुम्हीही बसा. आपल्या पोराचं गाणं, पण परक्या ठिकाणी, परक्या लोकांत लागलेलं. गाणं संपेपर्यंत उठू नका.

आता ‘एंजल फ्रॉम मॉन्टगोमेरी’. इथे हा पोस्टमन पहिल्याच ओळीत स्वतःला म्हातारी बाई म्हणवून घेतो, आणि आवाज जराही बदलत नाही. १९७४मध्ये गायिका बॉनी रेटनं ते गायलं, आणि ते इतकं तिचं होऊन गेलं की ते तिनंच लिहिलंय असं वाटावं. दोन्ही ऐका. आधी त्याचं.