कडी आपणच घातलेली

नवतपा लागला की विदर्भातली घरं सकाळी दहालाच दारं-खिडक्या मिटून घेतात. कूलरला नवा वाळा, माठाला ओलं फडकं, बाहेर निघताना डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. माणसांची तजवीज पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाला जाताना आम्ही आमच्या मांजरीला, मनीला, आत ठेवून कुलूप लावलं. कूलर चालू होता, वाटीत पाणी होतं. आपण सगळं केलं असं वाटलं. मागे लाईन गेली. चारला परतलो तर मनी मोरीच्या दाराशी आडवी, तोंड उघडं, जीभ बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय. कुत्रं उन्हात धापा टाकतंच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर एक मिनिटही दवडायचं नसतं. डॉक्टर फोनवर म्हणाले, बर्फ लावू नका. साध्या गार पाण्याने पोट, पंजे, कान भिजवा, वारा घाला आणि लगेच आणा. नळाला तर कढत पाणी. माठ रिकामा केला आणि लग्नपत्रिकेनेच वारा घालत राहिलो. मनी वाचली.

मांजराच्या अंगाचं तापमान एरवीही 38 ते 39 अंश. ते 40च्या पुढे गेलं की धोका. घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग ती चाटून ओलं करते, थुंकी वाळताना थोडा गारवा मिळतो. तिचे पूर्वज आफ्रिका-पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले, म्हणून तहान मुळात कमी. शिकारीतल्या ओलाव्यावर भागायचं. आपण वाटीत घालतो त्या कोरड्या दाण्यांत तो ओलावा नसतो.

पण ते रानमांजर भर दुपारी सावलीला जाऊन पडायचं. गल्लीतली मांजरंही रांजणाखालची ओली माती बरोबर हुडकतात. ऊन सरकेल तसं आपणही सरकायचं, एवढाच त्यांचा उपाय. मनीचाही तोच होता. ती मोरीपर्यंत पोचली होती. पुढची कडी आम्ही घातलेली.

तेव्हापासून भूतदया हा शब्द मला या बाबतीत अपुरा वाटतो. दया वाटेवरच्या जिवावर करावी. जिची वाट आपणच अडवली, तिला सावली देणं लागतो. ते उपकारात धरता येत नाही.

आता खिडकी थोडी उघडी असते. तशीही हवा बाहेर जायला वाट नसली की कूलर नुसता दमटपणा करतो. खाण्यापासून दूर, तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी असतं. केस भादरून टाकावेत असं कुणीकुणी सुचवलं, ते केलं नाही. तिची कातडी उन्हापासून तेच केस राखतात. दिवसभर बाहेर जायचं असेल तर शेजारच्या काकूंकडे किल्ली देतो, लाईन गेली तर त्या येऊन बघतात.

आंघोळी आम्ही सकाळी सातच्या आत उरकतो. त्यानंतर संध्याकाळपर्यंत मोरी मनीची. ओल्या फरशीला पोट टेकवून, चारी पाय पसरून ती झोपते, आणि हात धुवायचे असले तर आम्ही अंगणात जातो.