बोथट कोयता आणि धारेचा दगड

मनन : उपदेशक अ. १०, ओ. १०. जोडवाचन : १ शमुवेल अ. १३, ओ. १९ ते २२, नीतिसूत्रे अ. २७, ओ. १७.



पवित्र शास्त्रातील उपदेशक हा राजवाड्यातला मनुष्य, परंतु त्याने लाकूडतोड्याचे काम नीट न्याहाळलेले दिसते. लोखंड बोथट झाले आणि त्याची धार कोणी पाजवली नाही, तर अधिक बळ खर्चावे लागते. अशा वेळी कामास येते ते शहाणपण, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हे वचन समजण्यास पेण आणि रोहे तालुक्यांतील माणसांस टीकाग्रंथाची गरज नाही. थंडी सरत आली म्हणजे राबासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात. त्या वेळी हाती कोयता असतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास भात पिवळे होते. तेव्हा हाती विळा असतो. बाजारात मासे कापणाऱ्या बाईजवळ कोयती असते, आणि घरी चुलीपाशी विळी असते. ह्यांपैकी एकही हत्यार धारेवाचून उपयोगी नाही, आणि एकाचीही धार आपोआप टिकत नाही.

बोथट कोयत्याचे दोन दोष आपणांस ठाऊक आहेत. पहिला हा की, एका घावाचे काम तो तीन घावांत करतो. फांदी तुटण्याऐवजी चेचली जाते आणि सांजवेळी मनुष्य थकतो, पण भारा लहानच राहतो. दुसरा दोष अधिक मोठा आहे. बोथट हत्यार सुरक्षित असते असे लेकरांस वाटते. जाणत्यास ठाऊक आहे की तसे नाही. ते लाकडात शिरत नाही, म्हणून आपण जोर वाढवतो. जोर वाढला म्हणजे ते निसटते, आणि निसटले म्हणजे पायावर किंवा हातावर येते. बोथट झालेल्या आत्मिक जीवनाचेही असेच आहे. ज्याची प्रार्थना बोथट झाली तो मंडळीचे काम सोडतोच असे नाही. पुष्कळदा तो अधिक जोराने करू लागतो. तो मोठ्याने गातो, सभेत मोठ्याने बोलतो, लेकरांवर मोठ्याने ओरडतो. आणि घाव निसटून त्याच्याच घरच्या माणसांस लागतो. येथे बळ कमी पडले नव्हते. धार गेली होती.

आता धार कशी लावतात ते पाहू, म्हणजे देव आपणांस कशी धार लावतो हे कळेल.

पहिली गोष्ट ही की, धार लावण्यासाठी काम थांबवावे लागते. कापता कापता कोणी धार लावीत नाही. म्हातारा मनुष्य पहाटे शेतावर जाण्यापूर्वी धारेचा दगड पुढे घेतो, शेजारी पाण्याचे भांडे ठेवतो आणि उकिडवा बसतो. तेवढा वेळ एकही पेंढी कापली जात नाही. शेजारचा तरुण म्हणेल की हा वेळ वाया चालला; परंतु दुपारपर्यंत कोणाच्या पेंढ्या अधिक झाल्या हे बांधावरून दिसते. बंधूंनो, सकाळची प्रार्थना हा तोच वेळ आहे. प्रभू येशूकडे लोकांची एवढी गर्दी असे की जेवण्यासही सवड मिळत नसे. तरी तो पहाटेस उठून निर्जन स्थळी जाऊन प्रार्थना करी, असे मार्क आपल्या पहिल्या अध्यायात सांगतो. ज्याच्या हाती सर्व सामर्थ्य त्यास ह्या वेळेची गरज भासली, आणि आपणांस मात्र सवड नाही!

दुसरी गोष्ट ही की, दगड लोखंडाहून कठीण असला पाहिजे. मऊ दगडावर कोयता घासला तर दगडच झिजतो, धार येत नाही. म्हणूनच जुन्या काळापासून शिकलगार कुरुंदाला मान देत आले. कुरुंद पाणी दिलेल्या पोलादाहूनही कठीण आहे, आणि त्याच्या पलीकडे हिऱ्याचाच क्रम लागतो. आपणांस घासणारे जे आहे, ते आपल्याहून कठीण आहे काय? आपण आपल्याच मतांवर मन घासतो, आपली स्तुती करणाऱ्यांच्या बोलण्यावर घासतो, आणि धार येत नाही म्हणून नवल करतो. देवाचे वचन मात्र आपल्या मनाप्रमाणे वाकत नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या चवथ्या अध्यायात त्यास दुधारी तरवारीहून तीक्ष्ण म्हटले आहे. हे वचन आपल्या भाषेत यावे म्हणून किती श्रम झाले ह्याची आठवण ठेवा. विल्यम केरी ह्यांनी श्रीरामपुराहून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले व १८११ साली नवा करार दिला. अमेरिकन मराठी मिशनने मुंबईस १८२६ साली नवा करार पुन्हा सिद्ध केला. पंडिता रमाबाईंनी केडगावी मूळ भाषा शिकून सबंध शास्त्राचे भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि १९२४ साली ते ग्रंथरूपाने बाहेर पडले. प्रत्येक पिढीने आधीच्या पिढीचे काम हाती घेऊन पुन्हा दगडावर धरले, ते ह्यासाठी की ते वचन साध्या माणसाच्या अंतःकरणात शिरावे. ते पुस्तक आज आपल्या घरी फडताळात असेल. पण फडताळात ठेवलेल्या दगडाने कोणत्या विळ्यास धार आली आहे?

तिसरी गोष्ट ही की, धार घाईने येत नाही. पाते दगडावर जितके कलते धरले तितकेच प्रत्येक वेळी धरावे लागते. हात डळमळला की धार गोल होते. एक बाजू घासता घासता पलीकडे लोखंडाचा पातळ पापुद्रा उलटतो. तो डोळ्यांस दिसत नाही, पण बोटास खरखरीत लागतो. तो लागला म्हणजे समजावे की ही बाजू झाली, आता दुसरी धरावी. आधी भरड दगड, मग बारीक दगड. शेवटी चामड्यावर दोनचार हात फिरवून तो पापुद्रा काढून टाकावयाचा. मधून मधून पाणी घालावे लागते, नाहीतर झिजलेले कण दगडाची छिद्रे बुजवतात आणि दगड नुसता गुळगुळीत होतो.

अलीकडे विजेच्या चाकावर क्षणात धार लावून मिळते. ठिणग्या उडतात, पाहणाऱ्यास मौज वाटते. परंतु कोरड्या चाकावर पाते जास्त वेळ धरले तर ते तापते. आधी पिवळसर आणि मग, सुमारे ३०० अंश उष्णतेच्या आसपास, निळे पडते. निळे पडलेल्या पात्याचे पाणी उतरले असे आपण म्हणतो. त्याची धार त्या दिवशी उत्तम दिसते; चार दिवसांत ती मुडपते, कारण आतला कठीणपणा गेलेला असतो. वर्षातून एकदा मोठ्या सभेस जाऊन पेटून येणे आणि मग वर्षभर शास्त्र न उघडणे, हे असेच आहे. मोठ्या सभा वाईट नाहीत. तेथे पुष्कळांचे डोळे उघडले आहेत. परंतु ज्याची सारी धार तेथलीच आहे, त्याचे पाणी परीक्षेच्या दिवशी उतरते. रोजचा दगड, रोजचे पाणी आणि स्थिर हात, ह्यांस पर्याय नाही.

चवथी गोष्ट, धारेची परीक्षा. आपल्या ह्या भागांत बेने इस्राएल लोकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडली. तेल गाळण्याचा धंदा आणि शब्बाथाचा विसावा ह्यांमुळे लोक त्यांस शनवार तेली म्हणत. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर त्यांच्यातील बहुतेक तिकडे गेले, परंतु त्यांची सभास्थाने येथे उभी आहेत. यहूदी नियमाप्रमाणे पशू कापण्याच्या सुरीवर केसाएवढी खाचही चालत नाही. कापणारा तिची धार दोन्ही बाजूंनी नखावरून हळूच फिरवून पाहतो. नखास काही अडले तर ती सुरी त्या वेळी वापरावयाची नाही, पुन्हा दगडावर न्यावयाची. पशूस यातना होऊ नयेत असा त्यातील हेतू सांगतात. बंधूंनो, जे एका मुक्या जनावराविषयी एवढी काळजी घेतात त्यांच्यापासून आपण शिकावे. एखाद्या बंधूची चूक दाखविण्यास जाण्यापूर्वी आपल्या शब्दांत द्वेषाची खाच तर नाही ना, हे आपण किती वेळा पाहतो?

आता जोडवाचनाकडे वळू. शौलाच्या दिवसांत सबंध इस्राएलात लोहार उरला नव्हता. नांगराचा फाळ, कुदळ, कुऱ्हाड, ज्याला धार हवी असेल त्याने शत्रूच्या, म्हणजे पलिष्ट्यांच्या, मुलखात खाली उतरून जावे आणि दाम मोजावा, अशी स्थिती होती. तेथे मूळ इब्रीत ‘पीम’ असा शब्द आहे. शास्त्रात तो अन्यत्र कोठे येत नाही, म्हणून जुन्या इंग्रजी भाषांतरकारांनी तो कानशीचा वाचक समजला. पुढे विसाव्या शतकात त्या देशात उत्खननात लहान दगडी वजने सापडली. त्यांवर हाच शब्द कोरलेला होता. त्यांचे वजन पावणेआठ ग्रॅमच्या सुमारास भरले, म्हणजे शेकेलाचा दोन तृतीयांश भाग. शेकेल हा आपल्या तोळ्याच्या जवळपास असतो. म्हणजे एक फाळ पाजवून घेण्यास गरीब शेतकऱ्याने एवढी चांदी शत्रूस मोजावी! आणि लढाईचा दिवस आला तेव्हा शौल व योनाथान ह्यांवाचून कोणाच्या हाती तरवार अगर भाला नव्हता.

ह्यात आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस मोठा इशारा आहे. लहान मंडळीस पाळक महिन्यातून एकदा येतो. तो येतो त्या दिवशी शास्त्र वाचले जाते, प्रार्थना होते. मग तो गेला की सारे पुढच्या महिन्यापर्यंत थांबते. तरुण कामासाठी पनवेलीस, मुंबईस जातात. तेथे त्यांच्या मनास धार कोण लावतो? ज्या घरात दगड नाही त्या घरची माणसे कोठेतरी उतरून जाणारच, आणि तेथे दाम मोजणारच. कोणी दारूच्या गुत्त्यात मोजतो, कोणी जुगारात, कोणी वाईट सोबतीत. म्हणून प्रत्येक घरी स्वतःचा दगड असावा. आईने लेकरांस घेऊन एक अध्याय वाचावा, बापाने दोन वाक्यांची प्रार्थना करावी. त्यास पदवी लागत नाही.

परंतु येथे सावध असा. धार ही चांगली आणि वाईट दोन्ही असते. दाविदाने ६४ व्या स्तोत्रात अशा लोकांचे वर्णन केले आहे की, ज्यांनी आपली जीभ तरवारीसारखी पाजविली आहे. मंडळीत अशी जीभ आली म्हणजे प्रभुभोजनाची पंगत तुटते.

एका खेड्यात दोघे सख्खे भाऊ होते. वाटणी झाली, आणि बांधावरून तंटा लागला. त्यांच्या बापाचा धारेचा एक जुना दगड होता, वर्षानुवर्षे घासून मध्ये खोलगट झालेला. वाटणीत त्याचे नाव कोणी काढले नाही. तो थोरल्याच्या दाराशी पडून राहिला. पुढे भात कापणीस आले. धाकटा त्या दाराशी जाईना. त्याने बोथट विळ्याने आपले शेत कापावयास घेतले. हाताला फोड आले, भात गळू लागले, तरी वीस पावलांवरचा दगड त्याने मागितला नाही. दोघेही प्रभुभोजनास बसेनात. एके सकाळी थोरल्याने तो दगड उचलला, आणि ज्या बांधाचा तंटा होता त्याच बांधावर नेऊन ठेवला. शेजारी पाण्याचे डबडे ठेवले, आणि काही न बोलता तो आपल्या बाजूस कापू लागला. दुपारी धाकटा येऊन दगडापाशी बसला. “दादा, पाणी संपलंय,” एवढेच तो बोलला. थोरल्याने पाणी आणून दिले. बांधाचा निकाल त्या दिवशी लागला नाही. त्यास मोजणीची वाट पाहावी लागली. परंतु त्या वर्षी नाताळात दोघे भाऊ एका बाकावर बसून भाकरीत आणि प्याल्यात सहभागी झाले.

लोखंड लोखंडास पाणीदार करते, तसा मनुष्य आपल्या सोबत्यास, असा बोध नीतिसूत्रकार करतो. घासल्यावाचून धार नाही, म्हणून मंडळीत एकमेकांस लागणे हे चुकणार नाही. परंतु पाणी लागते! क्षमेच्या पाण्यावाचून घासले तर ठिणग्याच उडतात. यशयाने अ. २ मध्ये जो दिवस पाहिला, त्यात तरवारी मोडून फाळ होतात आणि भाल्यांचे कोयते. तो दिवस दूर आहे असे आपण म्हणतो. पण एका बांधावर तो येऊ शकतो.

शेवटी त्या खोलगट दगडाकडे पाहा. तो खोलगट का झाला? ज्या ज्या वेळी कोणाच्या हत्यारास धार आली, त्या त्या वेळी त्यातील थोडे झिजून पाण्याबरोबर वाहून गेले. बापाच्या हातून किती विळे पाजले गेले असतील, त्या सर्वांची किंमत दगडाने दिली. आपल्यासाठी अशी किंमत कोणी दिली, हे मी सांगावयास नको. बांधणाऱ्यांनी नाकारलेला दगड कोण, हे प्रेषितांनी यरुशलेमात उघड सांगितले आहे. त्यास घाय झाले, तो आमच्यासाठी झिजला, आणि त्याच्या झिजण्याने आम्ही देवाच्या कामास योग्य झालो. दगडाचा दृष्टांत येथे अपुरा पडतो, कारण आपला दगड झिजून संपत नाही. तो मेलेल्यांतून उठला आहे, आणि काल, आज व युगानुयुग तोच आहे.

म्हणून प्रियांनो, ह्या आठवड्यात आपला कोयता किंवा विळी दगडावर धराल तेव्हा स्वतःस दोन प्रश्न विचारा. माझ्या मनास शेवटची धार कधी लागली? आणि ज्याच्या दाराशी मी जात नाही, त्याच्या बांधावर मी दगड व पाणी नेऊन ठेवू शकेन काय? बळ कमी आहे म्हणून खचू नका. उपदेशक बळ मागत नाही, शहाणपण मागतो, आणि ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाजवळ मागावे, तो दोष न लावता देतो, असे याकोबाने आपणांस आश्वासन दिले आहे.

हे प्रभू, आम्हांस तुझ्या हाती धर. आमच्या जिभेची वाईट धार काढून टाक, आमच्या मनाची गेलेली धार परत दे, आणि आम्हांस तुझ्या पिकाच्या कापणीस योग्य कर. आमेन.