विहिरीची मालकी

गावठाणातील वडिलोपार्जित घर सोडून शेतात वस्ती करावयाची असे एखाद्या कुटुंबाने ठरविले म्हणजे पहिली कुदळ विहिरीसाठी पडते. मग गोठा, कडब्याची गंज, कणगी, न्हाणी, आणि विहिरीच्या उताराकडे, तिच्यापासून पुरेशा अंतरावर, उकिरडा व शौचकूप असा तो संसार हळूहळू उभा राहतो. या खटाटोपाचा धर्माशी जो काही संबंध असेल तो वास्तुशांतीच्या दक्षिणेबरोबर संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. मला तो तेथे संपतो असे वाटत नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. नित्याच्या निर्वाहात जीवहत्या घडतेच, म्हणून तिच्या परिमार्जनार्थ पंचमहायज्ञ करावेत, असा तो विचार. त्यातील कर्मकांड बाजूस ठेवले तरी निर्वाहाची साधने निरपराध नसतात ही जाणीव मोलाची आहे. मात्र घड्यात पाणी कोठून आणि कोणाचे उणे करून येते, हा प्रश्न त्या यादीत नाही.

दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत साठते. त्या भेगा सातबाऱ्याची हद्द जाणत नाहीत, आणि एकाने विहीर खोल नेली की बांधापलीकडील उथळ विहीर आटू लागते. कायद्याचा कल मात्र मालकाकडे. 1882च्या सुविधाधिकार कायद्याने आपल्या हद्दीतील भूगर्भजल गोळा करून हवे तसे वापरण्याचा जमीनमालकाचा हक्क मानला. 1993 साली महाराष्ट्राने सार्वजनिक पेयजलाच्या उद्भवापासून 500 मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खोदण्यास मनाई केली, तेव्हा त्या हक्कास लगाम बसला, तोही पिण्याच्या पाण्यापुरता.

धर्मशास्त्र याहून धीट होते. विहीर-तलाव बांधणे हे पूर्तकर्म खरे, पण त्याची सांगता उत्सर्गाने होते: जल सर्व भूतांस अर्पण केल्याचा संकल्प सुटला की कर्त्याची मालकी सरते, आणि त्यानंतर तो ते पाणी पितो तो त्या भूतांपैकी एक म्हणून. विचार एवढा उदात्त आणि आचरण एवढे कोते की त्या ‘सर्व भूतां’त गाईगुरे, पाखरे सामावली, परंतु अस्पृश्य ठरविलेला माणूस सामावला नाही. 1868 साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी तो उत्सर्ग मंत्रावाचून पुरा केला, असे मी भटजींची क्षमा मागून म्हणेन. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी मात्र 1927 साली डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला.

घरगुती विहिरीस उत्सर्ग लागत नाही, असा शास्त्राधार कोणी काढील, काढो. पण ज्या विहिरीचे झरे चार शेतांखालून येतात तिला घरगुती म्हणणे हा केवळ दप्तरी व्यवहार आहे. म्हणून शेतात नवी वस्ती करणाऱ्यास एवढीच विनंती, की मोटार बसविण्याआधी कठड्याबाहेर गुरांसाठी हाळ बांधावा, वाटेच्या अंगास येणाऱ्याजाणाऱ्यासाठी एक तोटी काढावी, आणि विहीर आणखी खोल नेण्यापूर्वी शेजाऱ्याच्या विहिरीत पाणी किती आहे ते स्वतः जाऊन पाहावे.