शिकाऊ हात आणि रोग्याचे शरीर

नेसरी आणि गडहिंग्लजच्या बाजूच्या खेड्यांतून अलीकडे पुष्कळ मुली, व काही मुलगेही, नर्सिंगच्या अथवा फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास, मिरजेस किंवा त्याहून दूर जातात. आईबाप शेत गहाण ठेवून फी भरतात आणि लेकरू सेवेच्या धंद्यास लागले म्हणून समाधान मानतात. ते योग्यच आहे. परंतु ह्या शिक्षणाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, व त्याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्या हातास अजून काम येत नाही, त्या हाताने दुःखी मनुष्याच्या अंगास शिकण्यासाठी स्पर्श करावा, हे न्यायाचे आहे काय?

कोणी म्हणेल, धैर्य व कळकळ असली म्हणजे झाले. नेसरीच्या खिंडीची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. 1674 साली फेब्रुवारी महिन्यात सेनापती प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, व सातही वीर तेथे कामास आले. त्यांच्या शौर्यापुढे कोणाचेही मस्तक नमेल. तथापि एक भेद ध्यानात ठेवावा. त्या सातांनी पणास लावला तो स्वतःचा प्राण होता. शिकाऊ परिचारिका उतावीळपणाने औषधाची मात्रा चुकली, तर जाणारा प्राण तिचा नव्हे. यास्तव रणातले धाडस आणि खाटेजवळचे धाडस ह्यांस एकच माप लावता येत नाही.

मग शिकणाऱ्याने रोग्यापासून दूरच राहून केवळ पुस्तके वाचावीत काय? तेही चालणार नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी 1860 साली लंडनात परिचारिकांची शाळा काढली, ती सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारातच. आपल्या भागात डॉ. वानलेस ह्यांनी मिरजेस 1894 साली इस्पितळ सुरू केले व 1897 साली परिचारिकांचे शिक्षणही तेथेच आरंभिले. परक्या मनुष्याचे मलमूत्र काढणे हे हलके काम, असे लोक मानीत, त्या काळी ख्रिस्ती घरांतील मुली ह्या धंद्यात मोठ्या संख्येने पुढे आल्या, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. पुढे पोलिओने पांगळ्या झालेल्या बालकांचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा 1953 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. ह्या तिन्ही ठिकाणी शाळा व इस्पितळ एकत्रच होती, आणि त्यास कारण आहे. मंद झालेली नाडी कशी लागते, अर्धांगवायूने लुळा पडलेला खांदा किती उचलावा व कोठे थांबावे, हे कागदावरून बोटांस कळत नाही.

आता ह्या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः देण्यात येतात. पहिले असे की, एका रोग्यास थोडा त्रास झाला, तरी पुढे हजारांस निष्णात परिचारिका मिळते. हे खरे आहे, परंतु पुरेसे नाही. कारण हा थोडा त्रास कोणाच्या वाट्यास येतो? ज्यास पैसे देऊन स्वतंत्र खोली घेता येत नाही, त्या सार्वजनिक वॉर्डातील गरिबाच्याच वाट्यास बहुधा येतो. लाभ सर्वांनी घ्यावा आणि दुखणे गरिबाने सोसावे, ह्यास न्याय कसे म्हणावे?

दुसरे उत्तर ऋणाचे आहे. आज ज्या सिस्टरच्या सुईने आपणांस वेदना होत नाही, तिचा हात पूर्वी कोणाच्या तरी दंडावर थरथरला होता. म्हणजे आपण प्रत्येक जण त्या अनामिक रोग्याचे देणेकरी आहो. हेही खरे, परंतु मग हे ऋण सावकारावर व साहेबावरही तितकेच आहे. तेव्हा शिकाऊ हातास जवळ येऊ देण्याची पाळी त्यांच्यावरही यावयास हवी.

ह्यावरून असे दिसते की, रोग्याच्या शरीरावर शिकण्याचा हक्क कोणासही जन्मतः नाही. तो तीन अटी पाळून मिळवावा लागतो.

पहिली अट ही की, जे अन्यत्र शिकता येते ते आधी अन्यत्र शिकावे. पुतळ्यावर सुई टोचता येते. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग व योग्य वेळ हे पाच नियम वर्गात पाठ होतात. फिजिओथेरपीचे विद्यार्थी सांधे मोजण्याचा व हातपाय हलविण्याचा सराव प्रथम एकमेकांच्या अंगावर करतात, ही रीत उत्तम आहे. कारण दुसऱ्याचा हात ओढण्यापूर्वी आपला हात ओढला गेला म्हणजे कसे वाटते, हे त्यांस कळते. म्हणून कॉलेजातला अभ्यास ही केवळ परीक्षेची बाब नाही. जो धडा चुकविला, त्याची किंमत कोणी तरी रोगी देईल.

दुसरी अट, शेजारी जाणता हात असावा. बेडसोर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलविणे हे सोपे काम वाटते. परंतु मोडलेल्या कमरेच्या मनुष्यास कसे वळवावे, हे अनुभवी सिस्टरने जवळ उभे राहून दाखवावे लागते.

तिसरी अट, खरेपणाने परवानगी मागावी. “आजोबा, मी अजून शिकते आहे. मी करू का? नको म्हणालात तरी तुमचा उपचार थांबणार नाही,” असे तिने म्हणावे. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. कारण खेड्यातला मनुष्य इस्पितळात भीत असतो. नाही म्हटले तर औषध बंद होईल, असे त्यास वाटते. भयाने दिलेला होकार हा होकार नव्हे.

येथे कोणी आक्षेप घेईल की, सर्वांनीच नको म्हटले तर विद्या बुडेल. म्हणूनच रोग्यापाशीही एक कर्तव्य उरते. ज्यास सोसवते त्याने होय म्हणावे. परंतु ते त्याचे दान समजावे. कर म्हणून ते वसूल करू नये.

वाचकहो, तुमची कन्या जर हे शिक्षण घेत असेल, तर सुट्टीत ती घरी येईल तेव्हा तिला केवळ गुणांविषयी विचारू नका. विद्यार्थ्यांस प्रत्यक्ष केलेल्या कामांची नोंदवही भरावी लागते. त्या वहीत न केलेले काम केले म्हणून लिहिणे पुष्कळांस क्षुल्लक वाटते. परंतु ती खोटी ओळ शाईची असली, तरी उद्या एखाद्या गावच्या दवाखान्यात, रात्रीच्या वेळी, जवळ दुसरे कोणी नसताना, तेच काम तिच्या पुढे येईल. त्या वेळी खाटेवर कोण असेल हे कोणास सांगता येत नाही. तेव्हा वही भरली काय, असे न विचारता, हाताने केलेस काय, आणि रोग्यास विचारून केलेस काय, एवढेच तिला विचारा.